शेवटाला पाय सोडणारी अक्षरं

चाळीसच्या चाळीस रुमाल उलटे निघाले.

आमच्या गोधड्यांच्या सोसायटीच्या खोलीत चटईवर मी ते एकेक करून मांडत होते. सकाळचे नऊ वाजले असतील. बायका दारात आणि ओट्यावर बसून आपला रुमाल कधी मांडला जातो याची वाट बघत होत्या. दोन महिने त्यांनी डोळे फोडून ते काम केलं होतं. पहिला रुमाल पाहिला तेव्हा मला वाटलं, मीच चुकीच्या बाजूला बसले आहे. उठून पलीकडे जाऊन बसले. तिथून अक्षरं डोक्यावर उभी दिसायला लागली. परत अलीकडे आले. दुसरा मांडला, तिसरा मांडला, दहावा मांडला. सगळ्यांचं तेच. लांब पायाचं अक्षर ओळीच्या उजव्या टोकाला होतं. ते डाव्या टोकाला असायला पाहिजे होतं.

हे काम देणाऱ्या सिपोराबाई दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.ने ते रुमाल न्यायला येणार होत्या.

रुमालांवरच्या त्या परक्या लिपीतलं एकही अक्षर मला तेव्हा वाचता येत नव्हतं, आजही येत नाही. माझं शिक्षण चौथी, तेही नांदूरघाटला माहेरी असताना झालं ते. मग उलटं आहे हे मला कसं कळलं, ते सांगते.

मी गोधड्या शिवणारी बाई. गोधडी म्हणजे जुन्या लुगड्याधोतरांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवायचे. यात मोठी विद्या काही नाही. कापड सरकू द्यायचं नाही, टाका सारखा पडू द्यायचा आणि गाठ दिसू द्यायची नाही, एवढंच आहे. पण हे एवढंच दहा जणींपैकी दोघींना जमतं. पाटोद्याच्या पुढे आमचं गाव आहे. तिथे लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही तेव्हा आम्ही अकरा बायकांनी गोधड्यांची सहकारी सोसायटी काढली आणि मला अध्यक्ष केलं, कारण सही करताना माझा हात थरथरत नव्हता.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची आली. बीडच्या एका वकिलाने गोधडी परत आणली आणि ठिगळं सारख्या मापाची नाहीत म्हणून तक्रार केली. मी म्हणाले, सारख्या मापाची पाहिजे असतील तर फरशी बसवून घ्या. एका बाईने मेलेल्या नवऱ्याचे सगळे शर्ट आणून दिले आणि शेवटच्या क्षणी एक बाही कापून स्वतःजवळ ठेवली.

सिपोराबाई मला पुण्याच्या प्रदर्शनात भेटल्या. निवृत्त शिक्षिका, अलिबागकडच्या, पांढरी नऊवारी, पायात कॅनव्हासचे बूट. गिऱ्हाईक गोधडीची पुढची बाजू बघतं. या बाईंनी आल्या आल्या गोधडी पालटली आणि मागची बाजू बघितली. दोन्हीकडे टाका सारखाच दिसला तसं त्यांनी पाण्याची बाटली खाली ठेवली आणि बसल्याच. बोलता बोलता म्हणाल्या, आम्ही ज्यू. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचो म्हणून गावात आम्हाला शनवार तेली म्हणायचे.

मी म्हणाले, मराठी तर माझ्यापेक्षा साफ बोलता.

"किती पिढ्या झाल्या ते मोजायचं आम्ही सोडून दिलंय," त्या म्हणाल्या. "मराठी नाही बोलणार तर काय बोलणार?"

त्यांच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पाव मांडतात आणि त्यावर रुमाल झाकतात. प्रार्थना झाली की रुमाल काढून पाव मोडतात. त्यांच्या गावाकडच्या आणि मुंबईत गेलेल्या मिळून चाळीस घरांसाठी त्यांना नवे रुमाल पाहिजे होते, तेही नव्याच्या सणाच्या आत. नव्याचा सण म्हणजे त्यांचं वर्ष बदलतं तो दिवस. तो आपल्या घटस्थापनेच्या आसपास येतो. रुमालावर त्यांच्या हिब्रू लिपीत चार शब्द शिवायचे होते. हा-मोत्सी लेहेम मिन हा-आरेत्स. म्हणजे जमिनीतून भाकर काढणारा.

गावात येऊन त्यांनी हा अर्थ सांगितला तेव्हा आमची गया म्हणाली, "मंग त्याला म्हणावं एकदा आमच्या शिवारात येऊन जा. यंदा कुसळ बी निघालं न्हाई." सिपोराबाई खूप हसल्या. गया माझी चुलत जाऊ. तिची जीभ सुईपेक्षा टोकदार, पण टाकाही तसाच बारीक.

सिपोराबाई दोन दिवस राहिल्या आणि खोलीच्या दारावर खडूने अक्षरं काढून आम्हाला शिकवलं. उजवीकडून डावीकडे लिहायचं याचं मला नवल वाटलं नाही. माझ्या वडिलांकडे निजामाच्या वेळचे जमिनीचे उर्दू कागद होते, ते तसेच होते. नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. या लिपीत बावीस अक्षरं आहेत. त्यातली पाच अशी की शब्दाच्या शेवटी आली की त्यांचं रूप बदलतं. काफ, मेम, नून, पे आणि त्सादी. नून शब्दाच्या मध्ये असेल तर पाय मुडपून बसतं, पंगतीत शेजारच्याला जागा देऊन बसावं तसं. तेच शेवटी आलं की पाय सरळ खाली सोडतं, ओट्याच्या कडेला बसल्यासारखं. काफ, पे आणि त्सादी यांचंही तसंच. मेमची तऱ्हा वेगळी. मध्ये असताना त्याच्या खालच्या कोपऱ्यात फट असते, शेवटी आलं की ते चारी बाजूंनी बंद होतं. दार लावून घेतल्यासारखं.

"पर कावून बदलायचं? मधी येक आन् शेवटाला येक," गयाने विचारलं.

खरं कारण आपल्यालाही ठाऊक नाही, असं सिपोराबाईंनी सरळ सांगितलं. पण वाचणाऱ्याला पुढे काही नाही हे कळतं, शब्द संपला हे कळतं.

मला ते फार पटलं. न वाचणाऱ्यालाही कळत होतं. आमच्या चार शब्दांपैकी तीन असेच संपत होते. लेहेमच्या शेवटी दार लावलेलं मेम. मिनच्या शेवटी पाय सोडलेलं नून. आणि सगळ्यांत शेवटी, खालच्या ओळीच्या डाव्या टोकाला, पाय सोडलेलं त्सादी. लांब पाय डावीकडे, एवढं मी डोक्यात पक्कं केलं. बाकीचं मला गरजेचं नव्हतं.

पहिला रुमाल नमुना म्हणून मी शिवला. पांढऱ्या कापडाचे दोन थर, मध्ये जुन्या धोतराचा एक, निळ्या दोऱ्याची अक्षरं, चार कोपऱ्यांना लाल तिकोनी ठिगळं. सिपोराबाईंनी त्यावरून बोट फिरवलं, पास केला आणि सोबत घेऊन गेल्या. उरलेलं काम आता आमचं होतं.

त्या कामावर काय अवलंबून होतं ते सांगते. दसरा झाला की आमच्याकडून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. बाई गेली नाही तर नवऱ्यालाही कोणी घेत नाही, नाहीतर त्याने दुसरा जोडीदार शोधायचा. सिंधू आमच्यातली सगळ्यांत लहान, बावीस वर्षांची, रुमाल पुरे झाले तेव्हा सातवा महिना लागलेला. तिची आधीची दोन बाळंतपणं फडातच झाली होती. दोन्ही मुलं गेली, आणि दुसऱ्या खेपेला ती स्वतः जाता जाता राहिली. तिचा नवरा बापू माणूस वाईट नव्हता. त्याने मुकादमाला दसऱ्यापर्यंत थांब म्हणून सांगितलं होतं. सिपोराबाईंना काम पसंत पडलं तर त्या पुढचं मोठं काम देणार होत्या, आणि ते मिळालं तर सिंधू गावात राहणार होती. नाही तर ती गाडीत बसणार होती. सगळ्या गावाला हे माहीत होतं. तिच्यासमोर कोणी बोलत नव्हतं, एवढंच.

आता चूक कशी झाली ते. नक्षी कापडावर उतरवायला आम्ही खाका वापरतो. पातळ कागदावर नक्षी काढायची, रेघेवर सुईने बारीक भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा. भोकांतून ठिपके कापडावर उतरतात. पहिल्याच छाप्याला कागदाच्या खालच्या बाजूला, भोकांच्या खरखरीत कडांशी नीळ साचते. पांढऱ्या कापडावर तिचे डाग पडायला नको म्हणून कागद पालटायचा आणि वरची गुळगुळीत बाजू दर छाप्याला पुसून कापडाला लावायची. ही आमची कायमची रीत. वेल पालटली तर वेलच राहते, मोर पालटला तर तोंड इकडचं तिकडे होतं, बिघडत काहीच नाही. तीस वर्षं माझा हात आपोआप कागद पालटत आला होता.

नमुन्यानंतर खाका निळा झालेला होताच. मी तो पालटला आणि चाळीसही रुमाल त्या बाजूने छापले. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. अक्षरं मला धुक्यातल्या झाडांसारखी दिसत होती, पण छापा मीच मारणार म्हणून मी कोणाला हात लावू दिला नव्हता. छापून झाल्यावर रुमाल वाटून टाकले आणि डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी बीडला गेले. आधी एक डोळा, मग दुसरा. बायकांनी टँकरच्या रांगेत बसून, चारा छावणीवर जनावरांपाशी बसून, जिथे जागा मिळेल तिथे टाके घातले. ठिपक्यांवरून सुई न्यायची, एवढंच त्यांना माहीत. नमुना समोर नव्हता आणि दारावरचा खडू कधीच पुसला गेला होता.

तर त्या सकाळी नवा चष्मा लावून मी ते रुमाल मांडले आणि पहिलं तोंड सोडलं ते गयावर. म्हणाले, मी नसताना तू कागदाला हात लावलास, तुला दम नाही, तुझं नेहमीचंच आहे. सगळ्या जणींसमोर बोलले.

गया उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "अक्का, छापा तुमी मारलाय. आमाला शिवू दिला का तुमी कागद? दवाखान्यात जायच्या आदल्या दिशी हितंच बसून चाळीस मारले. मी पानी द्याया आलते तर मला म्हनल्या, सावली पाडू नको."

ते खरं होतं. कागद पालटताना माझ्या हाताला निळीचा ओलावा लागला होता तोही मला आठवला.

चूक माझी आहे, असं मी मोठ्याने सांगितलं. मग पाकिटातून ब्लेड काढलं. उसवून परत शिवायचं म्हटलं तर एका रुमालाला एका बाईचे आठदहा दिवस जाणार होते. सण चार दिवसांवर होता. हे मला कळत होतं, तरी ब्लेड हातात होतं. दुसरं काय धरावं ते सुचत नव्हतं. सिंधू ओट्यावर खांबाला टेकून बसली होती. पोट पुढे आल्यामुळे तिला खाली बसवत नव्हतं. तिने गेल्या खेपेचा घमेलं-चूल-पोतं असा बिऱ्हाडाचा हिशेब मनात सुरू केला असणार, कारण ती माझ्याकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती.

बायकांना चूक नेमकी काय ते समजत नव्हतं. मी एक रुमाल दोन्ही हातांनी समोर धरला, बाहेरचा उजेड त्यातून येईल असा, आणि बोट ठेवून म्हणाले, हा बघा लांब पाय. शब्द इथे संपला. हा डावीकडं पाहिजे, आणि हाय कुठं? उजवीकडं.

ओट्यावरून सिंधू म्हणाली, "अक्का, मला तर डावीकडं दिसतोय."

"तू समोर बसलीस. माझं उजवं ते तुझं डावं. गप बस."

"तेच म्हनते मी," सिंधू म्हणाली. "हिकडून बराबर हाय."

मी तिला आणखी एकदा गप केलं असतं. पण गया उठली, तिने माझ्या हातातून रुमाल ओढून घेतला, पालटला आणि चटईवर थापटला.

पाय डावीकडे होता. मेमचं दार लागलेलं होतं. नून ओट्याच्या कडेला बसलं होतं. ओळ उजवीकडून सुरू होऊन डावीकडे संपत होती, सिपोराबाईंनी दारावर काढली होती तशी.

इथे आमच्या कामाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. आम्ही अक्षरांना दुहेरी धावदोरा घातला होता. जाताना एक टाका वर, एक खाली. येताना त्याच रेघेवरून मोकळ्या राहिलेल्या जागा भरायच्या. रेघ दोन्ही अंगांनी सलग दिसते. गाठ आतल्या थरात ओढून घ्यायची. ज्या बाईची गाठ मागे दिसली तिचं काम मी उसवायला लावत असे, आणि त्यासाठी मला गावात काय काय म्हणत ते मला माहीत आहे. त्या दिवशी मी चाळीस रुमालांच्या मागच्या बाजू तपासल्या. एक गाठ सापडली नाही. कापड दोन्हीकडे तेच पांढरं. त्या रुमालांना मागची बाजूच नव्हती.

फक्त लाल कोपरे आता चुकीच्या अंगाला होते. चाळीस रुमालांचे एकशे साठ. ते उसवायचे आणि पालटून शिवायचे. अकरा जणींना हे काही अवघड नव्हतं. मी ब्लेड तुकडे करून वाटलं. सिंधूने सगळ्यांत जास्त कोपरे केले. मला आठवतं, तिच्या पोटावरच रुमाल ठेवून ती शिवत होती आणि मध्येच म्हणाली, "हे लाथ मारतंय, टाका वाकडा जातोय." गया म्हणाली, "त्याला म्हनावं पाय शेवटाला सोडायचा असतो. आताच कावून सोडतोस?" सकाळच्या भांडणानंतर ती पहिल्यांदा बोलली, तेही माझ्याशी नाही.

दिवस मावळेपर्यंत सगळे कोपरे झाले. निळीचे ठिपके धुऊन काढायचे राहिले. टँकर तीन दिवसांनी एकदा यायचा आणि पिण्यापुरतंच पाणी मिळायचं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता प्रत्येक बाई आपल्या वाटणीतलं एक एक कळशी पाणी घेऊन आली. मी कोणाला सांगितलं नव्हतं. रुमाल धुऊन झाल्यावर ते निळं पाणी म्हशीच्या पुढे ठेवलं तर तिने तोंड फिरवलं. मग ते लिंबाला घातलं.

सिपोराबाई आल्या तेव्हा रुमाल वाळून, घड्या पडून तयार होते. त्यांनी पिशवीतून नमुना काढून शेजारी ठेवला. एकेक रुमाल उलगडायच्या, उजवीकडून डावीकडे बोट न्यायच्या, ओठ हलवायच्या, मग पालटून मागे बघायच्या. चाळीसही बघितले. आम्ही अकरा जणी बसून होतो.

शेवटी त्या म्हणाल्या, नमुना बाजूला काढून ठेवा, यांत मिसळला तर मला तो ओळखू यायचा नाही.

मी त्यांना झालेलं सगळं सांगितलं. गयाने मागून चिमटा काढला, तरी सांगितलं. खपवायचं म्हणून झाकून ठेवायला मला आवडत नाही. सिपोराबाईंनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. त्यांच्याकडे धर्मग्रंथ हाताने लिहितात. त्यात एक अक्षर चुकलं तर नीट करेपर्यंत ग्रंथ वाचायला घेत नाहीत. त्या म्हणाल्या, "आमचे लिहिणारे चुकले तर खरवडून परत लिहितात. तुम्ही चुकलात आणि पालटून घेतलंत. असं मी पहिल्यांदाच बघते."

मग त्यांनी पिशवीतून पुढच्या कामाच्या अक्षरांचा कागद काढला. ते ग्रंथ ज्या कपाटात ठेवतात त्याचा पडदा, सात हात उंच, आणि तसाच आणखी दोन गावांसाठी. होळीपर्यंत पुरेल एवढं काम होतं. त्या कागदाच्या कोपऱ्यावर त्यांनी स्वतः पेनाने मोठा बाण काढला आणि म्हणाल्या, हा नेहमी वर दिसला पाहिजे. आजही आमच्या सोसायटीत प्रत्येक खाक्यावर बाण असतो, वेलीच्यासुद्धा. नव्या मुली हसतात. हसू देत.

त्या हंगामात आम्हा अकरा जणींपैकी एकही फडावर गेली नाही. गावातल्या बाकीच्या बायका गेल्या, कारण आमच्याकडे त्यांच्यापुरतं काम नव्हतं. हे मी विसरलेले नाही. गयाची माफी मी मागितली ती पुढच्या संक्रांतीला, आणि इतका उशीर करायला नको होता. तिने तीळगूळ घेतला आणि म्हणाली, "लई दिस लावलेत, अक्का." पुढे तिने पडद्यावर जे त्सादी शिवलं तसं माझ्या हातून कधी झालं नसतं.

बापूने आपल्या भावाला जोडीला घेतलं आणि गाडीत बसला. सिंधू राहिली. दिवाळीनंतर दुपारच्या वेळी पडदा शिवतानाच तिच्या कळा सुरू झाल्या आणि रक्त जायला लागलं. सोसायटीतल्या बायकांनी तिला चटईसकट उचलून जीपमध्ये घातलं. बीडच्या दवाखान्यात पोट फाडून मूल काढावं लागलं. तिला दोन बाटल्या रक्त चढवलं, त्यातली एक गयाची. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, अजून तासभर उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते. ज्या फडावर ती गेली असती तिथून दवाखाना किती लांब होता, ते बापूने मला नंतर सांगितलं. पायी अर्धा दिवस.

मुलगी झाली. सिंधू जगली, मुलगीही जगली.